डिझेल की वायू : युक्तिवाद कुठवर पुरतो?

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, तत्त्वज्ञानाच्या व्यासपीठावर सीएनजीचं काय काम? काम आहे. ‘तेल सोडा, नैसर्गिक वायू वापरा’ हे वाक्य गेली पंचवीस वर्षं आपल्या कानांवर पडतं आहे. ते खरं की खोटं हा एक प्रश्न. पण त्याच्या बाजूने जे युक्तिवाद केले जातात त्यांत वजन किती, हा वेगळा प्रश्न, आणि आपण आज तोच घेणार आहोत. कारण खऱ्या गोष्टीच्या बाजूनेही लंगडा युक्तिवाद करता येतो. तो खपून गेला की पुढे त्याच्याच जोरावर भलतीच गोष्ट गळी उतरवली जाते.

उदाहरण आपण दिल्लीचं घेऊ, कारण तिथे दोन्ही बाजू लेखी नोंदलेल्या आहेत. एम. सी. मेहता यांच्या १९८५च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी आदेश दिला : दिल्लीतल्या सगळ्या शहर बसगाड्या ३१ मार्च २००१ पर्यंत सीएनजीवर आणा. मुदत आली, बसगाड्या काही झाल्या नाहीत. मग मुदतवाढ, पंपांवर रांगा, प्रवाशांचे हाल. अशा वेळी, सप्टेंबर २००१मध्ये, केंद्र सरकारने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली वाहन-इंधन धोरणासाठी समिती नेमली. समितीच्या अंतरिम अहवालाचं म्हणणं थोडक्यात असं : सरकारने धुराची मर्यादा ठरवून द्यावी, ती कोणत्या इंधनाने गाठायची हे वाहनवाल्यांवर सोडावं. न्यायालयाने ते मानलं नाही. ५ एप्रिल २००२च्या निकालात डिझेल बसगाड्यांवर दिवसाला ५०० रुपये, आणि महिन्यानंतर १००० रुपये दंड बसवला.

आता हा वाद तर्काच्या भाषेत मांडून बघू. गंमत अशी, की आपल्या न्यायदर्शनाचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरणच मुळी इंधनाचं आहे. ‘जिथे धूर तिथे अग्नी’ ही व्याप्ती खरी. पण उलटं, ‘जिथे अग्नी तिथे धूर’, हे खरं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. मग चुलीत धूर का होतो? लाकूड ओलं असतं म्हणून. या ओलेपणाला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात : संबंध दिसतो अग्नी आणि धूर यांचा, पण तो टिकून असतो तिसऱ्याच एका अटीवर.

माशेलकर समितीचा युक्तिवाद नेमका याच जातीचा आहे. काळा धूर हा डिझेलचा स्वभाव नव्हे. गंधकाचं प्रमाण, इंजिनाची बनावट आणि देखभाल या उपाध्या आहेत. त्या काढा, धूर जाईल. तत्त्वतः हे म्हणणं भक्कम होतं, आणि पुढच्या काळाने त्याला दुजोराही दिला. भारत स्टेज-२च्या डिझेलमध्ये दशलक्ष भागांत ५०० भाग गंधक चालत असे. १ एप्रिल २०२०पासून, स्टेज-६मध्ये, फक्त १० भाग चालतं. आजच्या चांगल्या डिझेल बसची तुलना २००१च्या खटाऱ्याशी करून उपयोग नाही.

मग न्यायालयाची बाजू कच्ची होती का? आम्हांला तसं वाटत नाही. सीएनजीच्या बाजूचा सगळ्यात वजनदार युक्तिवाद रसायनशास्त्राचा नव्हताच, तो देखरेखीचा होता. डिझेलमध्ये स्वस्त रॉकेल मिसळता येतं. दाबाखाली भरलेल्या वायूत कोण काय मिसळणार? धुराची मर्यादा पाळली जाते की नाही हे बघायला हजारो गाड्या रोज तपासाव्या लागतात. बस सीएनजीची आहे की नाही, हे एकदाच बघितलं की झालं. थोडक्यात, समिती म्हणत होती ‘उपाधी दूर करा’, आणि न्यायालय विचारत होतं ‘दूर कोण करणार, आणि तोवर श्वास कोणी घ्यायचा?’ समितीत एकही डॉक्टर किंवा सार्वजनिक आरोग्याचा जाणकार नाही, यावर न्यायालयाने बोट ठेवलं ते याचसाठी. टीका माणसांवर नव्हती. कोणाचं नुकसान मोजायचं राहून गेलं, यावर होती.

तेव्हा आमचा निवाडा असा : त्या शहरात, त्या वर्षी, त्या डिझेलच्या तुलनेत वायूचा युक्तिवाद पटण्याजोगा होता. ‘पण दिल्लीची हवा आजही वाईटच आहे ना?’ हा आक्षेप इथे लागू पडत नाही. तुलना आधीच्या आणि नंतरच्या दिल्लीची करायची नसते. बदल झालेली दिल्ली आणि न झालेली दिल्ली यांची करायची असते. नंतर वाढलेल्या मोटारींचा दोष बसगाड्यांच्या माथी मारता येत नाही.

अडचण पुढे आहे. ‘या डिझेलपेक्षा हा वायू शहराच्या हवेला बरा’ या मर्यादित विधानाचं हळूहळू ‘वायू स्वच्छ असतो’ असं बिनशर्त विधान झालं. शहराच्या हवेवर कमावलेली पत हवामानाच्या प्रश्नात वापरली जाऊ लागली. तिथे हिशोब निराळा आहे, जरा सोबत करू या. एक गिगाज्यूल उष्णतेसाठी डिझेल जाळलं तर सुमारे ७४ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. नैसर्गिक वायू जाळला तर सुमारे ५६. म्हणजे १८ किलोंचा फायदा. पण तेवढ्या उष्णतेला साधारण २० किलो मिथेन लागतो, आणि न जळता निसटलेला मिथेन २० वर्षांच्या मुदतीत कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून अधिक तापवतो. विहिरीपासून इंजिनापर्यंत वाटेत शेकडा एक भाग जरी गळला, तरी तेलाच्या बाजूची गळती न धरता, तो फायदा जवळजवळ संपतो. शंभर वर्षांच्या मुदतीत मिथेनचा प्रभाव तीसपटीच्या आसपास धरतात. मग शेकडा तीनपर्यंत गळती चालून जाते. आता बघा, वीस वर्षं धरायची की शंभर, हे कोणतंही यंत्र सांगत नाही. ते आपण ठरवतो. म्हणून वक्ता नुसताच ‘वायूने उत्सर्जन घटतं’ म्हणाला, तर त्याला विचारावं : किती गळती धरलीत आणि किती वर्षं?

दुसरं उसनं विधान स्वावलंबनाचं. १९७४मध्ये मुंबई हायला तेल लागलं, तेव्हा तेलाबरोबर वर येणारा वायू बरीच वर्षं समुद्रातच जाळून टाकला जात होता. जो नाहीतरी जाळायचाच, तो वायू मुंबईच्या चुलीत आणि टॅक्सीत वापरणं, याच्याविरुद्ध बोलायला जागाच नाही. पण आज देशाला लागणाऱ्या वायूपैकी निम्म्याच्या आसपास वायू उणे १६२ अंशांपर्यंत गार करून, द्रवरूपात जहाजांनी येतो. २०२२मध्ये युक्रेन युद्धामुळे युरोपने चढ्या भावाने तो उचलला, आणि भारताची आयात घटली. कच्च्या तेलाची परदेशी गरज पंच्याऐंशी टक्क्यांवर आहे, त्या मानाने हे बरं, इतकंच म्हणता येईल. नाव एकच, ‘नैसर्गिक वायू’. पण हायवरचा वायू आणि जहाजातला वायू यांना एकच युक्तिवाद लावता येत नाही.

आणि शेवटी तो ‘पूल’. वायू हा तेलाकडून सूर्याकडे नेणारा पूल आहे, असं म्हणतात. उपमा ही उपमाच असते, पुरावा नसते. तरी ती मान्य करू. पुलाला पलीकडचा काठ लागतो. देशाच्या ऊर्जेत वायूचा वाटा २०३०पर्यंत १५ टक्क्यांवर न्यायचं सरकारचं उद्दिष्ट आहे. पुढे तो केव्हा उतरायला लागेल, हेही त्याच वाक्यात यायला हवं. वाहिन्या आणि बंदरं एकदा बांधली की दहापाच वर्षांत मोडीत काढत नाहीत. उतरण्याची तारीख नसलेला पूल म्हणजे नुसता लांब रस्ता.

तेव्हा वायूच्या बाजूने कोणी बोललं की लगेच हो किंवा नाही म्हणू नका. कशाच्या तुलनेत, कुठला वायू, किती काळ आणि देखरेख कोणाची, एवढं विचारा. २००२च्या दिल्लीतल्या युक्तिवादाकडे या चारही प्रश्नांची उत्तरं होती, म्हणून तो टिकला. आजच्या जाहिरातींकडे ती आहेत का, हे तुम्हीच तपासा.

इथे थांबू.