लीला राव-दयाल : क्रीडांगण, नृत्त आणि नाट्य

तुकोबांच्या अभंगसंहितेचा विचार करताना चाकणचे स्मरण अपरिहार्य ठरते. अभंग उतरवून घेणारे संताजी जगनाडे तेथले; त्यांच्या वह्या वि. ल. भावे यांनी विसाव्या शतकात छापल्या. तत्पूर्वी 1869 आणि 1873 मध्ये निघालेल्या ‘इंदुप्रकाश’ गाथेच्या संपादकांत शंकर पांडुरंग पंडित हे एक होते. त्यांच्या कन्या पंडिता क्षमा राव (1890–1954) यांनी ‘तुकारामचरितम्’ हे संस्कृत काव्य रचले, आणि नात लीला राव-दयाल यांनी त्या चरित्राला संस्कृत नाट्यरूप दिले. तथापि 1911 मध्ये मुंबईत जन्मलेल्या लीलाबाईंचे नाव आज आठवले जाते ते टेनिसच्या इतिहासात.

ती कीर्ती अनाठायी नव्हे. 1934 च्या विंबल्डन स्पर्धेत ग्लॅडिस साउथवेल हिला 4-6, 10-8, 6-2 असे नमवून तेथे सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री होण्याचा मान त्यांनी मिळविला. पहिला डाव हातचा गेल्यावर दुसरा अठरा गेमपर्यंत ओढून नेणे हे चिवटपणाचे काम होय. दुसऱ्या फेरीत त्या फ्रान्सच्या इडा अडॅमॉफकडून हरल्या. अखिल भारतीय एकेरीचे अजिंक्यपद त्यांनी 1931 ते 1943 या काळात सात वेळा मिळविले. मातोश्रीही टेनिसपटू होत्या, हे पंडिता क्षमाबाईंच्या अभ्यासकांच्या क्वचितच ध्यानात येते.

खेळाडू लीलाबाई आणि ग्रंथकर्त्या लीलाबाई यांना दोन निराळ्या प्रकरणांत घालण्याची रीत मात्र सदोष आहे. त्यांचे ‘नृत्तमंजरी’ (1948) आणि ‘नाट्यचंद्रिका’ हे ग्रंथ नृत्याच्या अंगस्थितींविषयी आहेत, आणि त्यांत शब्दांच्या जोडीला आकृती आहेत. भरताने सांगितलेली 108 करणे म्हणजे हातापायांच्या संयोगातून घडणाऱ्या क्रिया; चिदंबरम् येथील गोपुरांवर ती कोरलेली आहेत. शिल्पकाराला क्रियेतील एकच क्षण पाषाणात धरता येतो. तो क्षण आरंभीचा, मधला की अखेरचा? पद्मा सुब्रह्मण्यम् यांनी पुढे करणे ही स्थिर मुद्रा नसून गती आहेत असे प्रतिपादन केले, आणि साताऱ्याच्या नटराज मंदिरासाठी त्यांची नवी शिल्पे योजली. लीलाबाईंपुढे आकृती काढताना हीच अडचण होती. चेंडू मारण्यापूर्वीचा पवित्रा आणि मारल्यानंतरचा तोल यांतील अंतर ज्या देहाने वर्षानुवर्षे अनुभवले, त्याची साक्ष या विषयात केवळ ग्रंथज्ञानाहून मोलाची मानली पाहिजे. त्यांनी छिन्नी हाती घेतली नाही, एवढाच काय तो शिल्पकाराशी भेद.

नाटकांविषयी असे निःशंकपणे म्हणता येत नाही. मातोश्रींच्या कथा-काव्यांना नाट्यरूप देण्यात कन्येची निष्ठा दिसते. परंतु तुकोबांना संस्कृतात आणणे म्हणजे ज्या वाणीसाठी त्यांनी छळ सोसला तीच काढून घेणे होय. संस्कृत नाटकाचा जुना संकेत पाळला तरी देहूचा वाणी प्राकृतच बोलेल! आजोबांनी त्या प्राकृताच्या शब्दाशब्दाची पाठशुद्धी केली होती. नातीच्या नाटकापेक्षा तिच्या आकृती त्या चिकित्सक वृत्तीच्या अधिक जवळ आहेत. पाठ तेथे पोथीतला नसून देहाचा आहे, एवढेच.