तापून थांबणारा कण

रत्नागिरीत मांडवीची पुळण काळी आहे. सह्याद्रीच्या बसाल्टची झीज होऊन खाली आलेली इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही खनिजे त्या वाळूत आहेत. काळबादेवी आणि मिऱ्या या उपसागरांच्या तळाशीही ती सापडतात आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्यांचा अभ्यास केलेला आहे. कोरड्या वाळूवरून लोहचुंबक फिरवला की मॅग्नेटाइटचे कण त्याला येऊन चिकटतात. हेच मॅग्नेटाइट तापवत नेले, तर साधारण ५८५ अंश सेल्सियसला त्याचे हे चुंबकत्व जाते. त्या तापमानाला क्युरी बिंदू म्हणतात.

हा आकडा मनात ठेवून आंबा घाट चढायचा आणि कोल्हापूर गाठायचे. मला ज्या लेखनाचे रसग्रहण करायचे आहे, ते तिथले आहे. डी. वाय. पाटील विद्यापीठात प्रा. एस. एच. पवार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या सहकाऱ्यांबरोबर २०१३ च्या सुमारास काही शोधनिबंध लिहिले. विषय एकच होता: दिशा बदलत राहणाऱ्या चुंबकीय क्षेत्रात ठेवले की तापणारे आणि त्या उष्णतेने कर्करोगाच्या पेशी मारू शकणारे अतिसूक्ष्म कण. शोधनिबंधात रस कसला, असे वाटेल. पण चांगल्या कवितेत प्रत्येक शब्दाला जागेवर असण्याचे कारण असते, तसे या रचनेत प्रत्येक घटकाला आहे. ती कारणे एकेक करून उलगडण्यात मला खरा आनंद मिळाला.

पहिले नवल म्हणजे या कणात लोखंड नाहीच. तो लॅन्थॅनम, स्ट्रॉन्शियम, मँगनीज आणि ऑक्सिजन यांचा आहे. चुंबक म्हटला की आपण लोखंड धरून चालतो आणि या क्षेत्रातले बहुतेक संशोधक आयर्न ऑक्साइडच वापरतात. मग ही वेगळी वाट का? उत्तर त्या ५८५ च्या आकड्यात आहे. माणसाच्या शरीरात मॅग्नेटाइट त्या तापमानाच्या जवळपासही जाणार नाही, म्हणजे क्षेत्र चालू असेपर्यंत त्याचे तापणे आतून कुणी रोखत नाही. लॅन्थॅनम आणि स्ट्रॉन्शियमचे प्रमाण बदलले, कणाचा आकार बदलला, की या दुसऱ्या पदार्थाचा क्युरी बिंदू पुष्कळ खाली आणता येतो. तो ४५ अंशांच्या आसपास आणून ठेवणे हे या पदार्थाचे मोठे आकर्षण आहे. तिथवर कण तापेल, मग त्याचे चुंबकत्व ओसरेल आणि तापणेही थांबेल. बाहेर यंत्र चालू असले तरी थांबेल. थंड झाला की पुन्हा तयार.

मला या रचनेचा प्राण इथे दिसतो. अशा कणांची स्तुती करताना लोक नेमकेपणाची करतात, औषध अचूक जागी पोचण्याची करतात. मला मोल वाटते ते आवरण्याचे. समजा गाठ मेंदूत आहे. तिला लागून बोलण्याचे, हात हलवण्याचे, आठवणीचे भाग असतात. तिथे दोन अंश जास्त तापणे म्हणजे माणसाचे काहीतरी कायमचे जाणे.

थांबण्याची दुसरी जागा त्याहून सूक्ष्म आहे. इतक्या बारीक कणांचे चुंबकत्व क्षेत्र असेपर्यंतच प्रकट होते. क्षेत्र काढले की ते एकमेकांना ओढत नाहीत, त्यामुळे रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका कमी होतो.

आता औषध. कणाची उष्णता ते सोडण्यासाठीही वापरता येते. १९७८ मध्ये मिल्टन यॅटविन आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये अशा लायपोसोमचे वर्णन केले, जे शरीराच्या तापमानाहून थोड्या वर औषध सोडतात. लायपोसोम म्हणजे स्निग्ध पदार्थाची सूक्ष्म पोकळ गोळी. थंडीत थिजलेले खोबरेल तेल उन्हात ठेवले की सैल होते, तसे या गोळीचे कवच सुमारे ४१ अंशांला सैल पडते आणि आतले औषध झिरपते. तापमान उतरले की झिरपणे मंदावते. कवच ४१ ला उघडते, कण ४५ च्या आसपास थांबू शकतो. या चार अंशांच्या फटीत सगळा उपचार बसवायचा, हा विचारच मला विलक्षण देखणा वाटतो. चुंबकीय कण आणि लायपोसोम एकत्र करण्याचे प्रयोग जगात अनेक ठिकाणी झाले आहेत. उष्णतेला पूर्ण फाटा देणारी वाटही आहे. मायामीत माधवन नायर आणि सखरात खिझरोएव यांनी २०१३ मध्ये दाखवलेल्या कणात चुंबकीय क्षेत्राने ताण येतो, ताणातून विद्युतभार निर्माण होतो आणि त्याने औषधाचा बंध सुटतो. ते औषध एचआयव्हीवरचे होते, पण लक्ष्य मेंदूच होते.

मेंदूसाठीच एवढी खटपट का, हेही पाहायला हवे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एडविन गोल्डमन यांनी प्राण्यांच्या रक्तात निळा रंग सोडला. शरीरभर अवयव निळे झाले, मेंदू मात्र पांढराच राहिला. रक्त आणि मेंदू यांच्यामधली ही आडकाठी बहुतेक औषधांना अडवते. ग्लायोब्लास्टोमा या सर्वांत आक्रमक गाठीत ती मध्यभागी फुटलेली असते, पण कडेला, जिथे पेशी निरोगी भागात शिरलेल्या असतात, तिथे पुष्कळशी शाबूत असते. गाठ बहुधा तिथूनच परतते. २००५ मध्ये रेडिएशनला टेमोझोलोमाइड या औषधाची जोड दिल्यावर रुग्णांचे मध्यक आयुष्य १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेले, आणि ती मोठी प्रगती मानली गेली. ती होतीच. अडीच महिने एखाद्या घरासाठी किती असतात, हे मुंबईला उपचारासाठी फेऱ्या मारणाऱ्या कोकणातल्या कुटुंबांना वेगळे सांगावे लागत नाही. चुंबकीय क्षेत्र मात्र कवटीतून जवळजवळ बिनअडथळा पार होते. म्हणून आज्ञा तरी आत पोचते.

कण पोचवणे अवघड आहे. चुंबकाची ओढ अंतराबरोबर झपाट्याने घटते, त्यामुळे खोलवरच्या गाठीत बाहेरून कण खेचून नेता येत नाहीत. बर्लिनच्या एका संशोधक गटाने आयर्न ऑक्साइडचे कण सुईने थेट गाठीत सोडले, सेकंदाला १ लाख आवर्तने करणाऱ्या क्षेत्राने ते तापवले आणि जोडीला रेडिएशन दिले. त्यात औषध नव्हते, उष्णताच होती. या पद्धतीला २०१० मध्ये युरोपात मान्यता मिळाली. पण कण मेंदूतच राहिले आणि त्यांच्यामुळे एमआरआयची प्रतिमा बिघडते, म्हणून गाठ पुढे कशी वागते हे त्या तपासणीत पाहता येईना.

कोल्हापूरचे काम रुग्णाच्या मेंदूपर्यंत गेलेले नव्हते, आणि त्या कणाला मेंदूत नेताना वेगळाच प्रश्न उभा राहतो. मँगनीज जास्त झाले तर ते मेंदूच्याच खोल भागात साठते आणि पार्किन्सनसारखी लक्षणे दिसू लागतात. म्हणून या निबंधांतला जो भाग वाचक सहज ओलांडून जाईल, तिथे मी सर्वांत जास्त वेळ रेंगाळले. कणावर पॉलिमरचे आवरण कसे चढवायचे, शरीरातल्यासारख्या खारट द्रावात ते कण एकमेकांना न चिकटता किती टिकतात, पेशींना ते सोसतात का, याची मोजमापे तिथे शांतपणे, एकामागून एक दिली आहेत. तापण्याचे आकडे लक्ष वेधून घेतात, पण हा कण कधी माणसाच्या डोक्यात जायचा असेल, तर तो या आवरणाच्या जोरावरच जाईल.