शेव्चेंकोची अम्लरेखने

तारास शेव्चेंको (१८१४–१८६१) हा युक्रेनचा राष्ट्रकवी म्हणून इतका विख्यात आहे की, त्याची अम्लरेखने ही कवीच्या फावल्या वेळेची निर्मिती समजण्याचा प्रघात पडला आहे. हे मत टिकणारे नाही. पीटर्सबर्गच्या कला अकादमीने १८६० मध्ये त्याला अकादमीशियन ही पदवी दिली, ती उत्कीर्णनासाठीच होय.

शेव्चेंको जन्माने भूदास. ब्र्युलोव्हने रंगविलेले कवी झुकोव्स्कीचे व्यक्तिचित्र सोडतीत काढून आलेल्या २,५०० रुबलांवर १८३८ मध्ये त्याची मुक्तता झाली. परंतु रंगचित्र कितीही मोलाचे असले तरी ते एकाच घरी जाते. अम्लरेखनाचे तसे नाही. लेप दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर सुईने रेखाटावे, उघडे पडलेले तांबे अम्लाने कोरले जावे, त्या खाचांत शाई भरून ओलसर कागदावर ठसा घ्यावा. एका पत्र्यातून अनेक प्रती निघतात. चांगला उत्कीर्णक म्हणजे सुंदर व उद्बोधक गोष्टींचा समाजात प्रसार करणारा, अशा आशयाचे विचार त्याने १८५७ च्या दैनंदिनीत नमूद केले आहेत. माध्यमाची ही निवड बुद्धिपुरस्सर होती.

तिचा पहिला आविष्कार म्हणजे १८४४ चा ‘चित्रमय युक्रेन’ हा सहा अम्लरेखनांचा संच. मागणी घालण्यास आलेली मंडळी, गावचा न्यायनिवाडा, चिहिरिन येथे नजराणे घेऊन तिष्ठत बसलेले परराष्ट्रांचे वकील, असे त्याचे विषय. येथे विषय बोलका आहे. छायाप्रकाश मात्र त्याच्या मागून चालतो. ही माला पुढे चालू राहिली नाही. १८४७ मध्ये अटक होऊन त्याला सक्तीच्या सैनिकी सेवेवर हद्दपार करण्यात आले. लिहिण्यास व चित्रे काढण्यासही मनाई होती.

१८५८ मध्ये पीटर्सबर्गला परतल्यावर त्याने रेम्ब्रांटच्या ‘द्राक्षमळ्यातील मजूर’ या चित्रावरून अम्लरेखन केले. ही तर अनुकृती, असा आक्षेप येथे संभवतो. परंतु रंग काळ्या-पांढऱ्यात उतरविताना प्रत्येक छटेचा निर्णय उत्कीर्णकालाच घ्यावा लागतो. खिडकीतून आलेला उजेड अंधाऱ्या दालनात कोठवर पोचतो, हे शेव्चेंको या पत्र्यावर शिकला. त्या शिक्षणाचे फळ १८६० च्या ‘मेणबत्तीसह आत्मचित्रा’त दिसते. त्यात तारुण्यातील स्वतःचा चेहरा अंधारातून केवळ ज्योतीच्या प्रकाशाने घडविला आहे. येथे छायाप्रकाश हाच विषय झाला आहे.

तथापि एक उणीव मान्य केलीच पाहिजे. उत्तरकाळात तो मुख्यतः इतरांची चित्रे व व्यक्तिचित्रे यांतच गुंतला. १८४४ चे लोकजीवन आणि १८६० चे प्रभुत्व यांचा पूर्ण संगम एकाही मोठ्या संचात झाला नाही. १८६१ च्या मार्चमध्ये मृत्यूने ती शक्यता संपविली. म्हणून त्याचे मूल्यमापन करताना हे दोन्ही कालखंड शेजारी ठेवूनच पाहावे लागतात.