हसतां हसतां शिकणें : ‘टिंकल’च्या निमित्तानें

वासुदेव गोविंद आपटे यांनीं १९०६ सालीं मुलांसाठीं मासिक काढलें, तेव्हां त्याचें नांव ‘ज्ञान’ न ठेवतां ‘आनंद’ ठेवलें. बालवाङ्मयाचा विचार करणारांनीं ही साधी गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. आनंदाचा हात धरून ज्ञान येतें, हें सर्वांस मान्य आहे. पण तें नेमकें कोणत्या वाटेनें येतें, याविषयीं मात्र संपादक व पालक या दोघांचाही बहुधा गोंधळ असतो.

या प्रश्नाच्या विचारास ‘टिंकल’ फार उपयोगी पडतें. ‘अमर चित्रकथा’ १९६७ पासून चालविणारे अनंत पै यांनीं १९८० सालीं मुंबईहून तें इंग्रजींत सुरू केलें. लोककथा, प्राण्यांच्या गोष्टी, विज्ञानाची माहिती आणि वाचकांनीं पाठविलेल्या कथा, असा त्याचा संसार आहे. यांतील माहितीचीं पानें स्वच्छ व निर्दोष असतात. तरीहि आम्हांस तीं साखरेंत घोळलेल्या औषधासारखीं वाटतात. चाणाक्ष मूल साखर चाटून औषध टाकून देतें.

खरें शिक्षण त्यांतील सुप्पांडीजवळ आहे, असें आमचें मत आहे. १९८३ पासून राम वाईरकरांच्या कुंचल्यानें साकार झालेला हा तामिळ लोककथेंतला भोळा गडी धन्याचा शब्द अक्षरशः पाळतो. एका प्रसंगीं मिळालेला नियम तो दुसऱ्या प्रसंगीं जसाच्या तसा लावतो आणि घोटाळा करून ठेवतो. येथें मूल हसतें तें कां? शब्द आणि अर्थ यांतील अंतर त्याला कळलें म्हणून. पाठांतरानें परीक्षा उतरणाऱ्या विद्यार्थ्याचें याहून मार्मिक चित्र आम्हांस ठाऊक नाहीं. येथें विनोद हेंच शिक्षण आहे. दोहोंना जोडण्यास गोंदाची गरज नाहीं.

वसंत हळबे यांनीं चितारलेल्या शिकारी शंभूचीहि तीच गोष्ट. त्याची टोपी डोळ्यांवर ओढलेली, अंगांत भित्रेपणा आणि नशीब मात्र शूराचें! कीर्ति आणि कर्तृत्व या दोन निराळ्या वस्तु आहेत, हें शंभू एकहि उपदेश न करतां सांगून जातो.

तथापि एक आक्षेप नोंदविल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. सुप्पांडी हा घरगडी आहे. ज्या घरांत हें मासिक वाचलें जातें, त्या घरांतहि बहुधा कोणी तरी भांडीं घासावयास येत असतें. गरीब नोकर म्हणजे मूर्ख, असा ग्रह मुलाच्या मनांत नकळत रुजला, तर तेंहि एक शिक्षणच होय, आणि तें वाईट शिक्षण. सुप्पांडीच्या चांगल्या गोष्टींत धन्याची आज्ञाच मोघम असते व हसें त्या धन्याचेंहि होतें. जेथें केवळ नोकराचें हसें होतें, त्या गोष्टी आम्ही कमी प्रतीच्या समजतों. हा भेद मुलास दाखवून देणें आईबापांचें काम आहे.

दुसरी गोष्ट भाषेची. शब्दाच्या अर्थावर उभा असलेला विनोद मातृभाषेंत जितका खोल शिरतो तितका परभाषेंत शिरत नाहीं. बालभारतीचें ‘किशोर’ १९७१ पासून मराठी मुलांची सेवा करीत आलें आहे; ‘टिंकल’ घेणाऱ्या घरानें त्याच्या शेजारीं ‘किशोर’हि ठेवावें, एवढीच आमची विनंती.

आणि अंक वाचून झाल्यावर मुलाला “यांतून तूं काय शिकलास?” असें मात्र कोणीं विचारूं नये. तें कां हसलें, एवढें विचारावें. उत्तर देतां देतां तें आपण काय शिकलों तेंहि सांगून टाकील.