‘आहे’ आणि ‘सापडला’

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एकांनी विचारलं, ‘गोंगाटातून बिनचूक निरोप पाठवायचा प्रश्न शॅननने १९४८ सालीच सोडवला ना?’ आज मला या ‘सोडवला’ शब्दाबद्दलच बोलायचं आहे.

शॅननची सिद्धता बघा. चांगला कोड ती दाखवतच नाही. नाणं उडवून कोड बनवायचे आणि त्या सगळ्यांच्या चुकांची सरासरी काढायची. निरोपाचा वेग चॅनलच्या क्षमतेहून कमी ठेवला, तर कोडची लांबी वाढेल तशी ही सरासरी शून्याकडे जाते. आता वर्गाची सरासरी पाच चुका असेल, तर पाच किंवा त्याहून कमी चुका करणारा एक तरी विद्यार्थी असणारच! म्हणून चांगला कोड ‘आहे’. पण तो वापरायचा कसा?

समजा, १०० बिटांचा निरोप २०० बिटांत पाठवायचा आहे. संभाव्य निरोप २ चा १०० वा घात, म्हणजे ३१ अंकी संख्या. प्रत्येकासाठी वेगळा शब्द नाणं उडवून ठरवला, तर ती यादी ठेवणार कुठे?

१९५५ मध्ये पीटर एलायसने दाखवलं, की यादृच्छिक रेषीय कोडही क्षमतेपर्यंत पोचतात. १०० ओळी, २०० स्तंभ, नाणं उडवून भरलेले २०,००० बिट, बस्स. निरोपात जिथे १ आहे तिथल्या ओळींची बेरीज करायची, एक अधिक एक शून्य धरून. पाठवणाऱ्याचं काम झालं.

घेणाऱ्याचं मात्र नाही. बिघडलेल्या शब्दाला सर्वांत जवळचा शब्द कोणता? बर्लेकॅम्प, मॅकएलिस आणि व्हॅन टिलबोर्ग यांनी १९७८ मध्ये दाखवलं, की सर्वसाधारण रेषीय कोडसाठी हा प्रश्न एनपी-पूर्ण आहे. त्याची झटपट रीत आजवर कुणाला मिळालेली नाही. त्याच वर्षी मॅकएलिसने या अवघडपणावरच गुप्तलेखनाची पद्धत उभारली!

तेव्हा माझा आक्षेप शॅननवर नाही. अस्तित्वाची सिद्धता म्हणजेच उत्तर, असं समजणाऱ्यांवर आहे. आणि तिला पोकळ म्हणणाऱ्यांवरही तितकाच आहे. १९६० च्या सुमारास गॅलागरने बहुतेक जागी शून्यं असलेल्या सारण्या घेतल्या. यदृच्छा ठेवली, पण घेणाऱ्याला झेपेल एवढीच. तीन दशकं हे काम जवळपास दुर्लक्षित राहिलं; आज ५-जी फोनमध्ये तेच तत्त्व आहे. ते किती चांगलं, हे मोजायला माप मात्र शॅननचंच लागतं.

‘आहे’ हे कळल्यावर शोध संपत नाही, पण तो व्यर्थ नाही एवढं कळतं. तेही थोडं नव्हे.