जॉन वूलमनची रोजनिशी : प्रौढ श्रद्धा कशी ओळखावी?

परधर्मीयाच्या भक्तिपर पुस्तकाचे परीक्षण आपल्या पानांत कशासाठी, असे काही वाचक विचारतील. त्यांना आमचे उत्तर असे की, दुसऱ्याजवळचे चांगले घ्यावे आणि आपले सोडू नये, ही रीत आपल्या समाजाला नवी नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्यासारख्या मिशनऱ्यांकडून आपल्या पूर्वजांनी हिब्रू आणि शास्त्र शिकून घेतले. शिकले ते शिकले, पण शब्बाथ सोडला नाही. शिवाय ज्या क्वेकर पंथातील हे पुस्तक आहे, त्या पंथाचे यहुदी लोकांवर एक ऋणही आहे. १९३८-३९ साली नाझींच्या तावडीतून सुमारे दहा हजार मुले इंग्लंडमध्ये आणली गेली. त्या कामी यहुदी संस्थांच्या खांद्याला खांदा लावून राबणाऱ्यांत क्वेकर मंडळी पुढे होती. या लोकांची श्रद्धा कोणत्या मातीतून उगवते हे जाणून घेण्यास म्हणूनच हरकत नसावी.

प्रथम या पंथाविषयी थोडेसे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स याच्या उपदेशातून हा पंथ निघाला. 'क्वेकर' म्हणजे थरथरणारा. हे लोकांनी थट्टेने ठेवलेले नाव. ते स्वतःला 'मित्र' म्हणवतात. त्यांच्या जुन्या पद्धतीच्या उपासनेत पाद्री नसतो, ठरलेली प्रार्थना नसते, गाणे नसते. सारे जण गुपचूप बसून राहतात. कोणाला आतून अगदी राहवेनासे झाले, तर तो उभा राहून चार शब्द बोलतो व खाली बसतो. कधी कधी सबंध सभा एकही शब्द न उच्चारता संपते. प्रत्येक माणसाच्या ठायी ईश्वराचा प्रकाश आहे आणि शांत राहिल्यास तो दिसतो, असा त्यांचा विश्वास आहे.

जॉन वूलमन हा अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांतातला. जन्म १७२० चा, शेतकऱ्याच्या घरातला. धंदा शिंप्याचा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्याने आपल्या आयुष्याची हकीकत लिहावयास घेतली आणि मरेपर्यंत तीत भर घातली. १७७२ साली इंग्लंडमध्ये यॉर्क येथे देवीच्या आजाराने तो वारला, आणि १७७४ साली त्याची ही रोजनिशी फिलाडेल्फिया येथे प्रसिद्ध झाली. अडीचशे वर्षे झाली, तरी ती अजून छापली जाते व वाचली जाते. तीत चमत्कार नाहीत, वादविवाद नाहीत. ईश्वर कसा आहे याचे पांडित्यही नाही. आहे तो एका कारागिराच्या रोजच्या व्यवहाराचा हिशेब. तो हिशेब पैशांचा नसून सदसद्विवेकाचा आहे.

पुस्तकाचा कणा म्हणता येईल असा एक प्रसंग आरंभीच येतो. वूलमन तरुणपणी एका दुकानदाराकडे नोकरीस होता. मालकाने आपली एक गुलाम स्त्री विकली आणि याला विक्रीखत लिहावयास सांगितले. गिऱ्हाईक समोर ताटकळत बसलेले, मालकाचा हुकूम, आणि विकत घेणारा वयस्क गृहस्थ क्वेकरच! वूलमनला ते जड गेले, तरी त्याने खत लिहून दिले. मात्र लिहिता लिहिता दोघांच्या तोंडावर सांगितले की, गुलाम बाळगणे मला आपल्या धर्माशी विसंगत वाटते. एवढ्याने त्याचे समाधान झाले नाही. बोलून टाकल्याने हात स्वच्छ होत नाहीत, हे त्याला कळले. पुढे दुसऱ्या एकाने तसलाच कागद लिहावयास सांगितला, तेव्हा त्याने सरळ नकार दिला. नंतर एका जखमी शेजाऱ्याने त्याला मृत्युपत्र लिहावयास सांगितले. वूलमनने सगळे लिहिले, पण गुलाम मुलगी कोणाच्या वाट्याला जावी तेवढी ओळ लिहिली नाही, आणि का लिहिली नाही ते सांगितले. दोघांचे मोकळेपणी बोलणे झाले, शेजाऱ्याने मुलीला मुक्त करण्याचे कबूल केले, आणि मग मृत्युपत्र पुरे झाले.

या माणसाने राजवाडे हलवले नाहीत. त्याने एक ओळ लिहिण्याचे नाकारले. आमच्या मते पुस्तकाचे सारे मोल येथे आहे. श्रद्धा म्हणजे मोठमोठ्या गोष्टींवर ठेवलेला विश्वास, अशी आपली समजूत असते. वूलमनची श्रद्धा कागद, कापड, जेवणाचे ताट आणि गाडीचा घोडा अशा लहान लहान ठिकाणी अडते. तेथे ती अडते म्हणूनच ती खरी वाटते.

त्याचे दुकान चांगले चालू लागले, तेव्हा त्याने ते आवरते घेतले. माल वाढला तसा मनाचा भार वाढू लागला, आणि न परवडणाऱ्या वस्तू उधारीवर घेऊन गरीब माणसे कर्जात बुडतात हेही त्याला दिसले. मग शिवणकाम आणि सफरचंदाच्या रोपांची बाग एवढ्यावर त्याने संसार चालवला. रंगवलेले कापड त्याने सोडले. रंगाने मळ झाकला जातो, आणि मळ झाकण्यापेक्षा धुवावा हे बरे, असा त्याचा साधा विचार होता. गंमत अशी की, त्याच सुमारास पांढऱ्या टोप्यांची फॅशन आली होती. त्याची न रंगवलेली टोपी पाहून, हाही फॅशन करू लागला की काय, असे काही मित्रांना वाटले! दक्षिणेकडील प्रांतांतून फिरताना गुलाम बाळगणाऱ्यांच्या घरी तो उतरे. गुलामांच्या कष्टांवरचा पाहुणचार फुकट घेणे त्याला पटेना, म्हणून निघताना त्या गुलामांसाठी तो पैसे देत असे. यजमानांना त्याने शिव्याशाप दिले नाहीत. घरोघर जाऊन, समोर बसून, हळू आवाजात तो बोलत राहिला. १७५८ साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलाम बाळगणाऱ्या सभासदांना भेटून समजावण्याचे ठरवले, आणि १७७६ साली त्याच सभेने, जो गुलाम सोडणार नाही तो आमचा नव्हे, असा निर्णय घेतला. तो पाहावयास वूलमन जिवंत नव्हता.

आता आध्यात्मिक प्रौढत्वाकडे वळू. हा शब्द हल्ली स्वस्त झाला आहे. पुस्तकात तो दिसतो तो पायरीपायरीने. लहानपणी वूलमनने दगड मारून एक रॉबिन पक्षीण ठार केली. घरट्यातली पिले आईवाचून तडफडून मरतील म्हणून मग झाडावर चढून तीही मारावी लागली. त्या दिवशी वाटली ती भीती आणि दया. तारुण्यात सभेत एकदा तो उठून आतून आले होते त्यापेक्षा जास्त बोलून गेला, आणि त्याचे मन काही आठवडे बेचैन राहिले. तेथे तो गप्प राहण्यास शिकला. आयुष्याच्या शेवटी तो लिहितो की, एका भारी दुखण्यात आपण कोण हे आपल्याला आठवेना, आणि मग जॉन वूलमन मरण पावला, असे शब्द ऐकू आले. शरीराने तो जगला होता. मेली ती स्वतःची इच्छा, असा अर्थ त्याने लावला. त्याच अवस्थेत त्याला खाणींत राबणारी दडपलेली माणसेही दिसली. आपल्यावर जुलूम करणारे ख्रिस्ताचे नाव घेतात, हे कळताच ती त्या नावाला दूषणे देत होती. म्हणजे 'मी' मेल्यावर त्याला स्वर्गाची शोभा दिसली नाही. दिसले ते दुसऱ्याचे दुःख, आणि आपल्याच धर्माला लागलेला डाग. प्रौढ श्रद्धेची याहून चांगली खूण आम्हांस ठाऊक नाही.

पुस्तकात दोष नाहीत असे नाही. कित्येक पाने नुसती गावांची व सभांची यादी आहे. वाचक कंटाळतो. त्याहून मोठी उणीव म्हणजे घर. वूलमनची पत्नी सारा आणि मुलगी मेरी या पुस्तकात जवळजवळ नाहीतच. नवरा महिनोन्‌महिने ईश्वराच्या कामासाठी हिंडत असता मागे चूल कोणी पेटवली, रोपांना पाणी कोणी घातले? आपल्या आयाबहिणींना हा प्रश्न लगेच सुचेल. गुलामाच्या घामाचा हिशेब ठेवणाऱ्याने घरातल्या घामासाठी चार ओळी राखावयास हव्या होत्या. तिसरे असे की, इंग्लंडमध्ये घोडे मरेस्तोवर पळवतात आणि गाडीवरची पोरे थंडीने गारठतात म्हणून तो गाडीत बसला नाही, पायी यॉर्कला गेला. हे थोर खरे, पण त्याच्या चालण्याने गाड्या थांबल्या नाहीत. केव्हा मनाची टोचणी इतरांच्या उपयोगी पडते आणि केव्हा ती केवळ स्वतःच्या शुद्धतेसाठी असते, हा भेद तो नेहमी करीत नाही.

सर्वांत मोठा प्रश्न आतल्या आवाजाचा. माणसाला आतून पुष्कळ काही ऐकू येते. त्यातले ईश्वराचे कोणते व आपल्या हट्टाचे कोणते? याबाबत आपले हाखामीम फार सावध होते. तालमुदात रब्बी एलियेझर यांची गोष्ट आहे. त्यांच्या बाजूने आकाशवाणी झाली, तरीही इतर रब्बींनी ती मानली नाही. तोरा आता माणसांच्या हाती दिली आहे, निर्णय बहुमताने व्हावयाचा, असे ते म्हणाले. वूलमनकडेही याला अर्धे उत्तर आहे. १७६३ साली लढाईच्या धामधुमीत इंडियन लोकांच्या वस्तीत जावे असे त्याला वाटले, तेव्हा तो विचार त्याने आधी आपल्या सभांपुढे ठेवला, त्यांची संमती घेतली आणि मगच निघाला. इंग्लंडला जाण्यापूर्वीही तसेच. म्हणजे एकट्याच्या प्रकाशावर त्यालाही पुरता भरवसा नव्हता. त्या वस्तीत त्याने दुभाष्यावाचून प्रार्थना केली. भाषा कळली नसतानाही, ते शब्द जेथून निघाले ती जागा आपल्याला जाणवते, अशा अर्थाचे उद्गार तेथील प्रमुख पापुनेहांग याने काढले. हिब्रूचा अर्थ न कळताही डोळे मिटून तेफिला ऐकणाऱ्या आपल्या आज्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

शांततेचे म्हणाल तर तीही आपल्याला परकी नव्हे. ज्या एलियाहू हन्नाबीच्या नावाने आपण मलिदा करतो, त्याला होरेब पर्वतावर ईश्वर वादळात भेटला नाही, भूकंपात नाही, अग्नीतही नाही. सगळे शमल्यावर जो अगदी बारीक आवाज उरला, त्यात भेटला. मात्र ती कथा तेथे संपत नाही. तू येथे काय करतोस, असे ईश्वराने त्याला विचारले आणि कामाला परत धाडले. शांतता हा मुक्काम नव्हे. तेथून कामावर परतावयाचे असते.

आणि कामावरच्या श्रद्धेची आपली खूण तर कोकणात आपल्या नावालाच चिकटली होती : शनिवार तेली! पोथ्या नव्हत्या, रब्बी नव्हते, हिब्रू बहुतेक विसरलेली. शेमा ओठांवर होता, आणि शनिवारी घाणा थांबत होता. वूलमनची लेखणी थांबली तसाच हा घाणा. फरक एवढा की, लेखणी एका माणसाच्या मनाने थांबवली, घाणा आज्ञेने थांबला. ज्याला दर आठवड्याला आतून काही वाटेलच असे नाही, त्याच्यासाठी आज्ञा आहे. मनाची वाट पाहत बसलो असतो, तर इतकी शतके घाणा थांबला नसता. येथे आपली परंपरा वूलमनपेक्षा बळकट आहे. परंतु आज्ञेचे कारण पाहा. तू मिसरात गुलाम होतास याची आठवण ठेव, आणि तुझ्याबरोबर तुझा चाकर व तुझा बैलही विसावा घेऊ दे, असा तिचा आशय आहे. घाण्याबरोबर घाण्याचा बैलही थांबत होता. आज्ञा पाळून हे कारण जर आपण विसरलो, तर वूलमनने येऊन आपल्याला त्याची आठवण करून द्यावी हेच योग्य.

आज आपल्या घरांत दोन तऱ्हेची मुले दिसतात. एक म्हणतो, मला प्रार्थनेत काही वाटत नाही, मग सिनेगॉगमध्ये कशाला येऊ? दुसरा कडक सोवळा झाला आहे व आजीच्या स्वयंपाकघरात दोष काढतो. दोघांनी हे पुस्तक वाचावे. पहिल्याला कळेल की, काही न वाटताही स्वस्थ बसून राहणे हीदेखील उपासना आहे, आणि वाटणे हे वाट पाहिल्यावर येते. दुसऱ्याला कळेल की, वूलमनने कडक नियम लावले ते स्वतःच्या टोपीला आणि स्वतःच्या दुकानाला. दुसऱ्याकडे तो हळू आवाजातच गेला.

शब्बाथच्या दुपारी जेवण झाल्यावर दोन-चार पाने वाचावीत, कंटाळवाणी पाने खुशाल ओलांडावीत. ख्रिस्ताचे नाव येईल तेथे हा आपला मार्ग नव्हे हे मनाशी स्पष्ट असावे. मग घरातल्यांनी एकमेकांना एवढेच विचारावे : या आठवड्यात आपल्यापुढे कोणता कागद आला होता, आणि आपण कोठे सही केली? उत्तर लगेच आले नाही तर घाई करू नये. थोडा वेळ सगळ्यांनी गप्प बसावे.