'डार्केस्ट इंडिया'तील शहरी दरिद्री : एक चिकित्सा

साल्व्हेशन आर्मीचे संस्थापक जनरल विल्यम बूथ यांनी १८९० मध्ये 'इन डार्केस्ट इंग्लंड अँड द वे आउट' या ग्रंथात ग्रेट ब्रिटनमधील तीस लाख लोकांना, म्हणजे लोकसंख्येच्या एकदशांशास, 'बुडालेले' ठरविले. त्यांचे जावई फ्रेडरिक बूथ-टकर हे माजी सनदी अधिकारी; १८८२ मध्ये मुंबईत या संघटनेचे कार्य त्यांनीच सुरू केले. १८९१ मध्ये त्यांनी 'डार्केस्ट इंडिया' लिहिले ते सासऱ्यांच्या ग्रंथाची पुरवणी म्हणूनच. साचा लंडनचा, आशय मात्र येथील!

कर्ज व दुष्काळ यांना बूथ-टकर स्वतंत्र प्रकरणे देतात. दारिद्र्याचा दोष केवळ दरिद्र्याच्या नीतिमत्तेवर न टाकण्याची ही दृष्टी निश्चितच मोलाची आहे. तथापि भिकारी, बेकार, गुन्हेगार अशी वर्गवारी होताच माणूस उद्धाराचा विषय बनतो. त्याचे स्वतःचे म्हणणे क्वचितच ऐकू येते.

याच मुंबईत १८८४ मध्ये 'दीनबंधू'कार नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने पाच हजारांहून अधिक गिरणी कामगारांनी अर्जावर सह्या केल्या होत्या. रोजगार असलेला कामगार बूथ-टकरांच्या 'बुडालेल्यां'त मोडत नाही, हे मान्य. परंतु काम सुटताच त्याची गणना बेकारांत होणार, हे उघड आहे. अर्जात साप्ताहिक सुटीबरोबरच मागील महिन्याचे वेतन पंधरा तारखेपर्यंत मिळावे, अशीही मागणी होती. पगार लांबला की कामगार सावकाराच्या दारी जात असे. ज्या कर्जाला बूथ-टकर अंधार म्हणतात, त्याचे एक कारण कामगारांनी त्यांच्या ग्रंथापूर्वी सात वर्षे तारखेनिशी लिहून दिले होते.